वजनकाटा क्रमांक तीन

डोंगरचा आवळा, समुद्राचं मीठ
म्हणे एका बरणीत भेटतात.
आमची बरणी शेक्स्ना नदीच्या काठी.
खनिज येतं कोलाकडून, दीड हजार किलोमीटर,
कोळसा वोर्कुताहून, त्याहून लांबून,
आणि मधे आमचं चेरेपोवेत्स,
जिथं जमिनीत काहीच नव्हतं
बटाटे सोडून.

मी अग्निया रोगोझिना.
काटा क्रमांक तीन, एकतीस वर्षं.
वाघीण यायची, थांबायची, सुई डुलायची,
स्थिर झाली की मी आकडा लिहायचे.
रिकाम्या वाघिणीचं वजन तिच्या कुशीवर रंगवलेलं असतं;
भरलेल्यातून ते वजा करायचं,
उरलं ते कारखान्याचं.

हिवाळ्यात खनिज गोठायचं,
सासरी निघालेल्या मुलीनं चौकट धरावी
तसं वाघिणीला धरून बसायचं.
बायका पहारी घेऊन वर चढायच्या,
शिव्या देत, गोंजारत,
सोड गं बाई आता, सोड.

पंचावन्नच्या ऑगस्टमध्ये पहिलं लोखंड वाहिलं
तेव्हा मी आईच्या कडेवर होते.
आई सांगायची, तू रडलीस.
मग सांगायची, सगळेच रडले,
धूर फार होता.

आईचं गाव त्याआधीच धरणाखाली गेलेलं.
कोरड्या वर्षी पाणी उतरलं
की चुलीच्या विटा दिसतात, इतक्याच.
नदीनं नेलं ते नेलं, ती म्हणायची,
भट्टीनं निदान पगार दिला.

दुसरी भट्टी, तिसरी, चौथी.
पाचवी इतकी अवाढव्य
की तिला बाईचंच नाव द्यावं लागलं.
त्या वर्षी माझ्या एका वहीच्या दोन झाल्या,
पेन्सिल धरून बोटाला घट्टा पडला.

सावेली चौथ्या भट्टीवर.
त्याच्या प्रत्येक सदऱ्याला ठिणग्यांची भोकं,
मी रफू करायचे, तो परत घेऊन यायचा.
लग्नाआधी, एका जानेवारीच्या रात्री
गाडी यायला उशीर होता,
तो काट्यावर जाऊन उभा राहिला: सांग किती भरलो.
सुई ढिम्म.
साठ टनांची सवय तिला, माणूस कुठून कळणार.
मग मीही उतरले, त्याच्या शेजारी,
आणि काचेतून फैना ओरडली,
हलली! हलली गं, एक रेघ!
ती एक रेघ आम्ही वहीत लिहिली नाही.

मग एक साल असं आलं
की कारखाना कागदाचा झाला.
पगार नाही, चिठ्ठ्या मात्र घरटी.
फाटकाबाहेर एक पोरगा
मोटारीच्या डिकीत साखर घेऊन उभा:
चिठ्ठी द्या, पोतं न्या.
पोत्यावर पन्नास छापलेलं.
मी हातानंच तोललं. सत्तेचाळीस.
सावेली म्हणाला, जाऊ दे,
आपल्या वाट्याला भट्टीची कुठली वीट आली होती
ते तरी विचारलंस का?
आणि हसता हसता त्याला खोकला आला.

आता वाघीण थांबतसुद्धा नाही.
चालता चालता तोलली जाते,
काचेमागे कुणी नाही, काचही नाही.
माणसं कमी झाली, पोलाद झालं नाही.
आकडे कुठल्या कुठल्या शहरांत वर-खाली होतात,
तिथं बर्फ पडतो का, पडला तर
कुठल्या रंगाचा,
मला ठाऊक नाही.
आमच्याकडे मार्चअखेर तो काळपट असतो,
खणलं की थर दिसतात, पाळीपाळीचे.

त्याच मार्चमध्ये सावेलीला नेलं.
खांदा देणारे चौघेही भट्टीवरचे, तगडे.
पायऱ्या उतरताना एक जण हळूच म्हणाला,
किती हलका आहे.
मी सवयीनं वजाबाकी केली.

घरी आले.
खिडकीत वर्तमानपत्रावर बटाटे मांडले होते, त्यानंच,
मोड यावेत म्हणून.
काहींना आले होते.